बायोप्सीआधीच स्कॅन का हवा

कर्करोगाच्या तपासणीवरील एका लेखात 'आधी बायोप्सी (तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढणे), मग स्कॅन' असा क्रम दिला आहे. स्वरयंत्राच्या कर्करोगात शक्यतो उलट करावे. तुकडा काढल्यावर येणारी सूज आणि रक्तस्राव स्कॅनमध्ये गाठीसारखेच दिसतात, त्यामुळे आजार आहे त्याहून मोठा वाटतो.

सीटी कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उठून दिसणारे, शिरेतून देायचे औषध) देऊनच, कवटीच्या तळापासून छातीच्या वरच्या भागापर्यंत, ३ मिमी किंवा त्याहून पातळ छेदांत घ्यावा. रुग्णाने शांत श्वास घ्यायचा, आवंढा गिळायचा नाही. गिळला की चित्र हलते आणि नेमका स्वररज्जूंचा भागच वाया जातो. अन्ननलिकेच्या तोंडाशी गाठ असेल तर गाल फुगवून दुसरी फेरी घ्यावी, म्हणजे घशाच्या चिकटलेल्या भिंती सुटतात.

खरी चूक होते ती स्कॅनमध्ये स्वरयंत्राची कूर्चा (त्याचा लवचिक सांगाडा) वाचताना. सीटीत कूर्चा पांढरी, घट्ट दिसली म्हणजे कर्करोग आत शिरलाच असे नाही, शेजारच्या सुजेनेही तसे होते. अशा वेळी एमआरआय करावा. टी-२ चित्रात (एमआरआयचा एक प्रकार, यात पाणी उजळ दिसते) कूर्चा गाठीपेक्षा जास्त उजळ असेल तर बहुधा सूज, गाठीइतकीच असेल तर शिरकाव. स्वरयंत्र वाचवायचे की काढायचे, हे बऱ्याचदा इथेच ठरते, म्हणून ही शंका अर्धवट सोडू नये.

मानेतल्या लसिकाग्रंथींना फक्त १० मिमीचा निकष (त्याहून मोठी ग्रंथी तेवढी संशयास्पद) लावू नका. मध्यभाग मृत दिसत असेल तर लहान ग्रंथीही संशयास्पद. पेट स्कॅनचे (यात जास्त साखर वापरणारा भाग चमकतो) इंजेक्शन दिल्यावर बोलणे टाळावे, नाहीतर स्वररज्जूंचे स्नायूच चमकतात. रेडिएशननंतरचा पेट साधारण १२ आठवड्यांनी करावा.