राहून गेलेले पुरस्कार

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये 'सर्वात दुर्लक्षित कलाकार' हा पुरस्कार अमिताभ बच्चन यांना मिळाला. बारा विरुद्ध अकरा. बारावं मत ज्या गृहस्थांचं, ते पुरस्कारासाठी आलेच नव्हते. ते आले होते दुसऱ्या मजल्यावरच्या गुडघेदुखी शिबिराला. लिफ्ट बंद होती, म्हणून खाली आमच्यात येऊन बसले.

तेव्हापासून माझं जेवणावरून मन उडालंय, असं लिहिणार होतो. पण आमची ही वाचते, तेव्हा खोटं लिहिता येत नाही. जेवतोय. झोपतोयही. फक्त मधूनच जगदीश राज आठवतो आणि डोकं फिरतं.

जगदीश राज कोण, असं ज्यांनी आत्ता मनात विचारलं, त्यांच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता. चेहरा बघितलात तर म्हणाल, अरे हा! इन्स्पेक्टर! एकशे चव्वेचाळीस सिनेमांत हा माणूस पोलीस झाला. गिनीज बुकात नोंद आहे. खऱ्या पोलिसाचीसुद्धा इतक्या ठिकाणी बदली होत नसेल. आणि एवढी वर्षं वर्दी इस्त्री करून हजर राहिलेल्या माणसाला काय मिळालं? तर क्लायमॅक्सला हिरोची मारामारी संपल्यावर आत येण्याची परवानगी.

म्हणून 'राहून गेलेले पुरस्कार'. कल्पना माझी, मतपत्रिका माझ्या, प्रिंटरची शाई माझी. नियम एकच ठेवला होता: ज्याच्या घरी फिल्मफेअरची काळी बाहुली आहे, त्याला मत नाही. सेक्रेटरी म्हणाले, "एवढी सक्ती नको. लोक नाराज होतात." सोसायटीत पाण्याच्या वेळेची सक्ती चालते, पार्किंगची चालते, अमिताभची चालत नाही. नियम बारगळला, तिथेच मी उठून घरी जायला हवं होतं.

तसा मी फिल्मफेअरवर नाराज आहे, पण अभ्यास करून नाराज आहे. पुरस्कार सुरू झाले १९५४ साली. विनोदी कलाकाराला वेगळं पारितोषिक द्यायचं सुचायला १९६७ उजाडलं आणि खलनायकासाठी तर थेट १९९२. त्या पहिल्याच वर्षी ते आपल्या सदाशिव अमरापूरकरांनी नेलं, हे मी भाषणात दोनदा सांगितलं; टाळ्या एकदाच पडल्या. पण तोवर प्राणसाहेबांचं काय? त्यांना पहिली बाहुली मिळाली ती 'उपकार'मधल्या भल्या मलंगचाचासाठी. ललिताबाई पवारांचंही तेच. सेटवर भगवानदादांची थप्पड चुकीची बसली, डोळा कायमचा अधू झाला, आणि त्याच डोळ्यानं बाईंनी पुढं अनेक वर्षं दोन पिढ्यांच्या सुनांना कापरं भरवलं. बक्षीस कशाला? 'अनाडी'तल्या प्रेमळ मिसेस डिसाला! म्हणजे जन्मभर इमानेइतबारे छळ करा, पारितोषिक मात्र सुधारल्याबद्दल.

हे सगळं मी माइकवर सांगत होतो, तेव्हा पहिल्या रांगेतून आवाज आला, "थप्पड कुठल्या बाजूनं बसली?"

हे गुडघेवाले काका. हातात शिबिराची पिवळी चिठ्ठी, मांडीवर एक्स-रेचं पाकीट.

"डावा डोळा गेला काका."

"मग मानेलाही हिसका बसला असणार. मानेतून ते कंबरेत उतरतं, कंबरेतून गुडघ्यात. पुढं त्या वाकून चालायच्या का?"

"म्हाताऱ्या बाईचं काम असलं की चालायच्या."

"बघा!" म्हणून त्यांनी आजूबाजूला पाहिलं. लोकांनी माना डोलावल्या. सबंध भाषणात तोवर कुणी मान डोलावली नव्हती.

मला वाटलं, नंबर लागला की जातील वर. पण त्यांना इथली खुर्ची मानवली. हात असलेली ती एकच खुर्ची होती आणि ती मी प्रमुख पाहुण्यांसाठी ठेवली होती. प्रमुख पाहुणे आले नाहीत. सेक्रेटरींनी परस्पर काकांच्या हातात मतपत्रिका दिली. मी म्हटलं, "अहो, ते आपल्यातले नाहीत." सेक्रेटरी म्हणाले, "संख्या दिसू दे."

त्यानंतर प्रत्येक नामांकन गुडघ्यातून जायला लागलं. धर्मेंद्रचं नाव निघालं. मी कळवळून सांगितलं की या माणसाला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याची बाहुली कधीच मिळाली नाही. दरवर्षी मिळेल म्हणून नवा सूट शिवायचा, टाय जुळवायचा आणि तसाच परत यायचा. १९९७ साली जीवनगौरव स्वीकारताना त्यानं हे स्वतः सांगितलं. माझा आवाज खरोखर भरून आला होता.

"टाकीवर चढलेला तोच ना?" काका.

"तोच."

"पाण्याच्या टाकीची शिडी सरळ उभी असते. चढताना काही नाही, उतरताना गुडघा बोलतो. उतरताना दाखवलाय?"

मी विचारात पडलो. माणूस मूर्ख प्रश्न विचारतो आणि आपण उत्तर शोधत बसतो, ही माझी जुनी खोड आहे. 'शोले' मी सतरा वेळा पाहिलाय. सांभा अख्ख्या सिनेमात एकच वाक्य बोलतो असं जो तो सांगत असतो, त्यांना मी पत्त्यांच्या डावातलं त्याचं दुसरं वाक्य ऐकवून गप्प करतो. एवढ्या मोठ्या सिनेमाला फिल्मफेअर एकच मिळालं, तेही संकलनाचं, एम. एस. शिंदे यांना, हे मला झोपेतून उठवून विचारा. पण टाकीवरून उतरताना धर्मेंद्रचा गुडघा कसा होता, हे मला सांगता आलं नाही. तेवीस माणसांसमोर.

"बघा, माहीत नाही," काका लोकांना म्हणाले, आणि सभा तिथून त्यांची झाली.

मग जितेंद्र ("एवढ्या उड्या? आता विचारा त्यांना!"), मग शम्मी कपूर ("हा मानेचा पेशंट, वेगळं शिबिर"). शेवटी आला मुख्य पुरस्कार. बाकी नावं गळली आणि जगदीश राज विरुद्ध अमिताभ असा सामना उरला. अमिताभ दुर्लक्षित कसा, असं विचारलं तर तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "'शोले'साठी कुठं मिळालं त्याला? 'दीवार'साठीसुद्धा नाही. त्या वर्षी संजीवकुमारनं नेलं, 'आँधी'साठी." मुद्दा बरोबर होता, हेच जास्त झोंबलं. हात वर झाले: अकरा, अकरा. काकांचा हात गुडघ्यावर.

मी त्यांच्याजवळ गेलो. आता मी गुडघ्याची भाषा शिकलो होतो. म्हटलं, "काका, एकशे चव्वेचाळीस वेळा पोलीस. विचार करा."

त्यांचे डोळे पाणावले. "माझा साडू पोलिसात होता. उभ्याची ड्यूटी. पायाच्या शिरा अशा फुगायच्या, दोरीसारख्या. कुणी विचारलं नाही हो त्याला." हात उठायला लागला. खांद्यापर्यंत आला. इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माहिती असली की ती द्यावी लागते, हा माझा रोग आहे.

"आणि काका," मी म्हणालो, "हा शेवटच्या रिळातही कायम जीप घेऊन हजर!"

हात थांबला. "जीप?"

"म्हणजे पोलिसांची असते ती."

"म्हणजे हा बसून यायचा?"

"बसून यायचा, पण उतरून आत..."

"मग गुडघ्याला काय झालंय त्याच्या?" काकांचा आवाज चढला. साडूची त्यांना फसवणूक वाटली असावी. "तो दुसरा, उंच आहे ना? उंच माणसाच्या गुडघ्यावर भार जास्त. आणि धावायचाही फार. त्याला द्या."

बारा.

मी हरकत घेतली. म्हटलं, १९७३ साली प्राणसाहेबांनी स्वतःला मिळालेली बाहुली नाकारली होती. का? तर 'पाकीज़ा'च्या संगीताला पुरस्कार दिला नाही म्हणून. गुलाम मोहम्मद तेव्हा हयातसुद्धा नव्हते. मेलेल्या संगीतकारासाठी एक खलनायक अडून बसतो, आणि आपण... सेक्रेटरींनी मध्येच विचारलं, "म्हणजे ट्रॉफी परत करायची म्हणताय का? नाव कोरून झालंय." नाव आधीच कोरलं होतं! मतदान कशाला घेतलं मग, हे विचारलं तर म्हणाले, "दुसरं कोण जिंकणार होतं?"

खरं सांगू, हसण्यावारी नेतोय, पण हे मला लागलं. ज्यांचं राहून गेलं त्यांच्यासाठी मांडव घालायचा, आणि मांडवात पहिली खुर्ची पुन्हा त्याच्याचसाठी झटकायची. बरं, सगळा दोष अमिताभप्रेमींचाही नाही. मराठी विभाग मीच शेवटी ठेवला होता. आपलाच म्हणून. 'संत तुकाराम', १९३६. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात जाऊन गौरव मिळवून आलेला सिनेमा. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम सगळ्यांना आठवतो, पण त्यात गौरी नावाच्या बाईंनी जी आवली उभी केली आहे, देवळात घुसून विठोबाला खडसावणारी, घरात दाणा नाही म्हणून संताला फाडून खाणारी आणि तरी त्याच्यावर जीव टाकणारी, तिच्यासारखी बायको पडद्यावर मी पुन्हा पाहिली नाही. चार पानं लिहून नेली होती. सेक्रेटरी म्हणाले, "साडेसातला हॉल योगावाल्यांना द्यायचाय." सतरंज्या आल्या. चार पानं खिशात गेली.

ट्रॉफी स्वीकारायला अर्थातच विजेते हजर नव्हते. "विजेत्यांच्या वतीनं" काका उठले. उठायला त्यांना दोघांनी हात दिला, त्यातला एक मी. त्यांनी सहा मिनिटं भाषण केलं, त्यात पाच मिनिटं वंगण कमी कसं होतं यावर. खरी दाद त्यालाच मिळाली. ट्रॉफी एक्स-रेच्या पाकिटात घालून ते घरी घेऊन गेले. शिबिराला गेलेच नाहीत.

रात्री सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. मधोमध काका, हातात ट्रॉफी, शेजारी सेक्रेटरी, वहिनी, योगावाल्यांपैकीही दोघं. मी माइक धरून उभा होतो, पण कडेला. फोटोत माझा कोपर तेवढा आला आहे. काकांना ग्रुपवर कुणी घेतलं कोण जाणे. फोटोखाली पहिला मेसेज त्यांचाच होता: "उजवीकडे ज्यांचा कोपर दिसतोय त्यांना सूज आहे. वेळीच दाखवून घ्यावे."