‘प्रत्येक गोळी यकृतात साठते’ म्हणे!

एक लांबलचक मेसेज सध्या नात्यागोत्यांच्या, सोसायट्यांच्या, ज्येष्ठ नागरिकांच्या गटांत फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कारखान्यात बनलेलं रसायन शरीराला ओळखता येत नाही, म्हणून प्रत्येक गोळी यकृतात साठत जाते, वनस्पतीचं औषध मात्र निर्धोक असतं, गोळी पोटात गेल्यावर तिचं काय होतं याच्याशी कंपन्यांना देणंघेणं नसतं, तेव्हा आठवडाभर सगळ्या गोळ्या बंद ठेवून शरीर स्वच्छ करा. यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे. त्यावर जरा जास्त थांबतो, बाकीचे घेतो ओघात.

‘शरीराला रसायन ओळखता येत नाही’

यकृतातली एन्झाइमं, म्हणजे रासायनिक बदल घडवणारी प्रथिनं, रेणूचं मूळ गाव विचारत नाहीत. त्यांना कळतो तो रेणूचा आकार आणि त्याला कुठे काय जोडलंय ते. १८४१ मध्ये अलेक्झांडर युअर या ब्रिटिश डॉक्टरांनी दाखवलं की बेंझोइक आम्ल पोटात घेतलं की लघवीत हिप्युरिक आम्ल येतं. शरीराने त्याला ग्लायसीन हे अमिनो आम्ल जोडून बाहेर घालवलेलं असतं. अ‍ॅस्पिरिन यायला तेव्हा अजून अर्धं शतक बाकी होतं.

बहुतेक औषधं थोडीफार स्निग्धप्रेमी, म्हणजे चरबीत विरघळणारी, असावी लागतात, नाहीतर पेशींच्या पडद्यातून आत जाणार कशी? पण तशीच राहिली तर किडनी त्यांना गाळते आणि परत शोषून घेते. मग यकृत त्यांना पाण्यात विरघळण्याजोगं करतं. आधी सायटोक्रोम पी-४५० कुटुंबातली एन्झाइमं रेणूवर ऑक्सिजन बसवतात, मग दुसरी एन्झाइमं त्याला ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडतात. कधी पहिला टप्पा लागतच नाही. ही दोन टप्प्यांची मांडणी वेल्सचे जीवरसायनशास्त्रज्ञ आर. टी. विल्यम्स यांची. फार्मसीचा प्रत्येक विद्यार्थी ती शिकतो.

‘प्रत्येक गोळी यकृतात साठते’

आयबुप्रोफेनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्मं होतं, पॅरासिटामॉलचं दोन ते तीन तासांत. अशी पाच अर्धायुष्यं उलटली की जेमतेम तीन टक्के उरतं. म्हणजे सकाळी घेतलेल्या गोळीचा रात्री नावालाच अंश राहतो.

काही औषधं मात्र खरंच रेंगाळतात. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिलं जाणारं अमिओडॅरोन चरबीत मुरतं आणि निघायला कित्येक आठवडे, कधी महिने घेतं. मलेरियावरचं क्लोरोक्विनही असंच रेंगाळतं. पण हे त्यांच्या रचनेमुळे होतं, आणि डॉक्टर डोस ठरवताना तेच धरून चालतात. ‘काही औषधं’चं ‘प्रत्येक गोळी’ करणं ही मेसेज लिहिणाऱ्याची करामत.

आता अर्ध्या सत्याकडे. मेसेजमध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलंय की पॅरासिटामॉलने यकृत निकामी होतं. होतं, डोस ओलांडला तर. पण ते साठून होत नाही, आणि नेमकं कसं होतं हे माहीत असल्यामुळेच त्यावर उतारा आहे.

१८८६ पासून तापावर अ‍ॅसिटानिलाइड वापरात होतं. त्याने रक्त ऑक्सिजन नीट वाहीनासं व्हायचं आणि रुग्ण निळसर पडायचे. १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बर्नार्ड ब्रॉडी आणि ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड यांनी दाखवलं की शरीर त्यातल्या बहुतांश भागाचं पॅरासिटामॉल करतं आणि गुण येतो तो त्याचाच. रक्त बिघडवणारं अ‍ॅनिलिन बनतं ते वेगळ्या वाटेने. मग सरळ पॅरासिटामॉलच का देऊ नये? आज घरोघरी असलेली गोळी चयापचयाच्या या अभ्यासातूनच पुढे आली.

त्या गोळीचा बहुतेक भाग ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट होऊन लघवीवाटे जातो. थोडा, पाच-दहा टक्क्यांच्या आसपास, सीवायपी२ई१ या एन्झाइमकडे जातो आणि त्यातून एनएपीक्यूआय नावाचा जहाल पदार्थ बनतो. नेहमीच्या डोसला यकृतातलं ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य त्याला लगेच निकामी करतं. मात्रा फार झाली की सल्फेटची वाट तुंबते, जास्त माल या आडवाटेला लागतो, ग्लुटाथायोन संपतं आणि एनएपीक्यूआय यकृताच्या पेशींच्या प्रथिनांनाच चिकटतो. अ‍ॅसिटिलसिस्टीन उतारा म्हणून देतात ते ग्लुटाथायोन पुन्हा भरून काढायला, आणि पहिल्या आठ तासांत दिलं तर त्याचा उपयोग सर्वांत चांगला. निरोगी प्रौढाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम धरतात. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांत ३.९ ग्रॅम होतात. सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही या हिशेबात धरायचं. दारू पिणाऱ्यांनी आणि यकृताचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एवढं घेऊच नये. मेसेजने हे सांगितलं असतं तर मीच तो पुढे पाठवला असता.

‘नैसर्गिक ते निर्धोक’

बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात आणि मक्यात अफ्लाटॉक्सिन असतं, शंभर टक्के नैसर्गिक. यकृतातली तीच पी-४५० एन्झाइमं त्यावर ऑक्सिजन बसवून त्याचं इपॉक्साइड करतात, ते डीएनएला चिकटतं आणि यकृताच्या कर्करोगाचं कारण ठरतं. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ती वनस्पती गुळवेलच होती का, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. वाद बाजूला ठेवला तरी ‘वनस्पती म्हणून यकृताचा संबंधच नाही’ हे टिकत नाही.

‘पोटात गेल्यावर काय होतं, कंपन्यांना काय त्याचं’

कंपन्यांच्या किमतींवर, जाहिरातींवर बोलायला पुष्कळ आहे. हा आरोप मात्र चुकीच्या जागी लागलाय. औषधाचं शरीरात पुढे काय होणार, हा विचार ते घडवतानाच होऊ शकतो. भुलीच्या वेळी स्नायू सैल करणारं अ‍ॅट्राक्युरियम ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात जॉन स्टेनलेक या औषधी रसायनशास्त्रज्ञाच्या गटाने घडवलं. रक्ताच्या तापमानाला आणि आम्लतेला तो रेणू आपण होऊन फुटावा, अशीच त्याची बांधणी आहे. त्यामुळे यकृत किंवा किडनी बिघडलेल्या रुग्णालाही तो देता येतो. मुळात कल्पना सुचली ती पेटालिन या वनस्पतीज अल्कलॉइडवरून!

उलट उदाहरणही सांगायला हवं. टर्फेनाडिन ही अ‍ॅलर्जीची गोळी सीवायपी३ए४ या एन्झाइमकडून झपाट्याने मोडली जायची. केटोकोनाझोल हे बुरशीवरचं औषध किंवा एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक सोबत घेतलं, की ते एन्झाइम अडायचं आणि न मोडलेली गोळी हृदयाचे ठोके बिघडवायची. यात माणसं दगावली आणि अमेरिकेत ती बाजारातून गेली. तिच्या जागी आलेलं फेक्सोफेनाडिन म्हणजे टर्फेनाडिनचं शरीरात जे होतं तेच, आधीच तयार करून दिलेलं.

‘आठवडाभर गोळ्या बंद ठेवा’

हा सल्ला सर्वांत घातक. मधुमेहाचं मेटफॉर्मिन यकृतात मोडतही नाही. जसंच्या तसं किडनीवाटे निघून जातं, रक्तातलं त्याचं अर्धायुष्य सहा तासांच्या आसपास. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ‘स्वच्छ’ करायला ते फारसं उरलेलंच नसतं, साखर मात्र चढायला लागलेली असते. रक्तदाब-हृदयविकारावरचं बीटा-ब्लॉकर एकदम थांबवलं तर छातीत दुखणं उसळू शकतं, कधी हृदयविकाराचा झटकाही येतो. कुठली गोळी कमी करायची, कुठली बंद, हे ज्यांनी ती लिहून दिली त्यांनाच विचारा.