घरात असतंच

बुधवारी रात्री ८:४० ला डोंबिवली स्टेशनवरून घरी पोचले तेव्हा डोक्यात फक्त दोन गोष्टी होत्या, आधी पाय धुवायचे आणि मग मुगाची खिचडी टाकायची. पोळ्यांच्या मावशी गावाला गेलेल्या, कालची भाजी संपलेली, अशा दिवशी खिचडीला पर्याय नसतो आणि खरं सांगायचं तर मला तो नकोही असतो. कुकर हातात घेतला तेवढ्यात लेक आली. वय वर्षं १३. "परत खिचडी?" एवढंच म्हणाली, पण असं म्हणाली की शेजारच्यांना वाटावं हिला गेल्या जन्मापासून खिचडीवरच ठेवलंय.

मग मोबाईल माझ्या नाकासमोर आला. त्यात एक दाढीवाला मुलगा, मागे पांढरंशुभ्र किचन, ओट्यावर एक कुंडी आणि एकही स्टीलचा डबा नाही. तो नूडल्स उकळतो, एका बोलमध्ये चार बाटल्यांमधलं काहीतरी ओततो, ढवळतो, एकत्र करतो, वर तीळ भुरभुरतो की संपलं. पीनट नूडल्स, १५ मिनिटांत, आणि सगळं सामान घरातलंच. "बघ ना आई, घरात असतंच सगळं."

आता हे वाक्य आमच्याकडे वंशपरंपरागत आहे. नवरा अचानक दोन मित्रांना वर घेऊन येतो तेव्हा "भजी टाक ना, घरात असतंच सगळं" म्हणतो. सासूबाई सोमवारी संध्याकाळी "अळूवड्या कर की, घरात असतंच" म्हणतात (अळू? घरात? चौथ्या मजल्यावर?). घरात काय असतं हे घरात एकाच माणसाला माहीत असतं आणि त्या माणसाला कुणी विचारत नाही. पण त्या दिवशी मी दमलेले होते, दमलेल्या माणसाचा विवेक सुटतो, आणि १५ मिनिटं म्हणजे खिचडीपेक्षाही कमी, म्हणून मी हो म्हणाले. कुकर परत कपाटात ठेवला. तो आवाज अजून आठवतो मला.

८:५५ ला सुरुवात केली. पहिलं नाव पीनट बटर. ते आमच्याकडे आहे हे मला पक्कं माहीत होतं कारण जानेवारीत नवऱ्याने जिम लावली होती तेव्हा आणलेली बरणी फ्रीजच्या वर आहे, जिम तीन आठवडे टिकली पण बरणी टिकून आहे. खाली काढली, धूळ पुसली, उघडली. चॉकलेट फ्लेवर. तब्येत कमवायला निघालेला माणूस चॉकलेट फ्लेवर का आणतो हा प्रश्न मी नंतरसाठी ठेवून दिला. लेक म्हणाली "घाल ना, काय होतंय". मी नाही घातलं, आणि त्या रात्री मी घेतलेला तो एकमेव शहाणपणाचा निर्णय होता.

सोया सॉस. फ्रीजच्या दारात एक बाटली होती, मागे कधीतरी मंचुरियनचा प्रयोग केला होता त्यातली, पण तिचं झाकण फिरेना. गरम पाण्यात धरलं, फडक्याने धरलं, दारात अडकवलं, नाही. मग ड्रॉवर उघडला, तो ड्रॉवर, प्रत्येक घरात असतो ना, ज्यात पार्सलबरोबर आलेली पाकिटं जमतात. टोमॅटो केचप ११, ओरेगॅनो ९, मीठ-मिरी असंख्य, आणि तळाशी सोया सॉसची पाकिटं २. दातांनी फोडली. एक चमचाभर निघालं, उरलेलं कुर्त्यावर.

राइस व्हिनेगर घरात नव्हतं, ते नसणारच. साधं व्हिनेगर होतं पण ते सिंकखाली, नळावरचे पांढरे डाग काढायच्या ब्रशशेजारी राहतं, तिथून काढून जेवणात घालायला माझं मन होईना. लिंबू होतं, पण सुकून गोटीएवढं झालेलं. मग चिंच. चिंच घातली गरम पाण्यात भिजत, आणि चिंच भिजायला १० मिनिटं लागतात हे त्या दाढीवाल्याला कुणी सांगितलेलं नाही.

तिळाचं तेल. हेही आहे, म्हटलं ना, सगळं असतंच. देवघरात आहे. लेबलवर ठळक अक्षरात "फक्त दिव्यासाठी" लिहिलेलं. आणि तसंही त्या रेसिपीतलं तेल भाजलेल्या तिळांचं असतं, काळपट, दोन थेंबांत सगळीकडे वास पसरतो, आपलं दिव्याचं तेल त्याच्यापुढे अगदीच सात्विक. म्हटलं साध्या तेलात तीळ तडतडवून घेऊ, काम तेच.

राहिला मुख्य कलाकार, शेंगदाणा. इथे मात्र मला हसू आलं. मराठी बाईला शेंगदाण्याची काय भीती. कूट नसलेलं मराठी स्वयंपाकघर मी अजून बघितलेलं नाही, आमच्याकडे तर दोन डबे आहेत, एक रोजचा आणि एक उपासाचा. रोजचा आदल्या दिवशी काकडीच्या कोशिंबिरीत संपला होता. उपासाच्या डब्यावर सासूबाईंनी कागद चिकटवलाय, त्यावर पेनाने "उपास" आणि खाली दोन रेघा. दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. मी हॉलकडे बघितलं, त्या सिरियल बघत होत्या, ब्रेकला अजून वेळ होता. मी एक वाटी कूट काढलं. स्वच्छ, कोरड्या चमच्याने. निदान माझी तरी तशी समजूत होती.

आता कुटाचं पीनट बटर करायचं म्हणजे काय, मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात घालून फिरवत राहायचं. दाण्यात जवळजवळ अर्धं तेलच असतं, ते सुटलं की झालं. इतकी वर्षं मला याच्या बरोब्बर उलट शिकवलंय. कूट करताना थांबून थांबून फिरवायचं, जास्त फिरवलं की तेल सुटतं, गोळा होतो, मग खिचडी चिकट होते आणि सासरचे लोक काही न बोलता पाणी पितात. बारा वर्षं मी तेल सुटू नये म्हणून जिवाचं रान केलंय आणि माझ्या हातून दर वेळी सुटलंय. आणि त्या दिवशी, ज्या दिवशी सुटायला हवं होतं त्या दिवशी, सुटेना! कूट फ्रीजमधलं थंडगार, त्यात एकच वाटी, ते भांड्याच्या भिंतींना जाऊन बसायचं आणि पातं मधल्या मोकळ्या जागेत गरगर फिरायचं. उघडा, खरवडा, फिरवा, परत उघडा, परत खरवडा.

हॉलमधून आवाज आला, "अगं, किती फिरवतेयस, तेल सुटेल हं!"

"आई, तेल सुटायलाच हवंय."

सिरियलचा आवाज कमी झाला. मग बराच वेळ काही नाही. मग परत वाढला.

बेडरूममध्ये नवऱ्याचा अमेरिकेशी कॉल चालू होता. मोबाईलवर मेसेज आला, "मिक्सर ५ मिनिटं थांबव प्लीज". मी थांबवायच्या आत मिक्सर स्वतःच थांबला. बंदच पडला. जळका वास. मग आठवलं की खाली तळाला एक लाल बटण असतं, मोटर फार तापली की ते बाहेर येतं, थोडं थांबून परत दाबायचं. हे मला माहीत आहे याचा मला फार अभिमान आहे कारण आमच्या घरात दुसऱ्या कुणालाच माहीत नाही, नवरा नवीन मिक्सर बघायला लागला होता मागच्या वेळी. १० मिनिटं थांबले. तेवढ्यात चिंच भिजली, म्हणजे वेळ वाया गेला नाही असं म्हणायचं. ९:३० ला बटण दाबलं, चमचाभर तेल वरून घातलं आणि पुढच्या मिनिटात कूट एकदम हरलं. चकचकीत, ओघळणारं, खमंग. लेकीला चाटवलं. ती म्हणाली "वॉव", आणि हा शब्द मला त्या स्वयंपाकघरात याआधी ऐकू आल्याचं आठवत नाही.

इथे थांबायला हवं होतं. पण सॉस पातळ करायचा होता म्हणून मी त्यात दोन चमचे पाणी घातलं आणि ते घट्ट झालं. पाणी घातल्यावर घट्ट! पुरणासारखं, चमचा उभा राहील असं. नंतर कळलं की हे असंच असतं, ते म्हणजे तेलात तरंगणारा कोरडा भुगा असतो, थोडंसं पाणी मिळालं की तो सगळा भुगा पाण्याला धरून एकमेकांना चिकटतो, अजून पाणी घातलं की मग सुटतो आणि दुधासारखा होतो. म्हणजे धीर धरून घालत राहायचं. पण हे तेव्हा कोण सांगणार, मला वाटलं फाटलं. मी घाबरून त्यात गूळ घातला. गुळाचा काय संबंध मला विचारू नका, आपल्याकडे काही बिघडलं की गूळ घालतात.

नूडल्सचं पाकीट होतं, हक्का नूडल्स. (हक्का हे चीनमधल्या एका समाजाचं नाव, त्यातले काही लोक कोलकात्यात येऊन राहिले, आणि त्यांच्या नावावर आपण इथे ढोबळी मिरची आणि कोबी घालून वाट्टेल ते खातो. ते लोक भले असावेत.) पाकीट हातात घेतल्यावर लक्षात आलं की ते रबर लावलेलं आहे, म्हणजे अर्धंच आहे. चार माणसांना अर्धं पाकीट. मग लेकीच्या झटपट नूडल्सच्या दोन वड्या फोडून त्यात टाकल्या, मसाल्याच्या पुड्या बाजूला. एक प्रकार चार मिनिटांचा, दुसरा दोनचा, दोन्ही एकाच पातेल्यात, आणि त्याच वेळी दारात कचऱ्याच्या बिलाचे पैसे मागायला वॉचमन. परत आले तेव्हा अर्ध्या नूडल्स दोरीसारख्या होत्या आणि अर्ध्यांचं लापशीकडे प्रस्थान झालेलं. चाळणीत ओतलं, गार पाण्याखाली धरलं, आणि मग आठवलं की तो दाढीवाला ते नूडल्सचं पाणी वाटीभर राखून ठेवत होता, त्यातल्या पिठाने सॉस मिळून येतो म्हणून. माझं पाणी एव्हाना कल्याण खाडीच्या वाटेवर होतं.

शेवटचं काम, तीळ तडतडवायचे. कढईत तेल तापलं, तीळ टाकले, आणि इथे माझा हात माझा राहिला नाही. तापलेलं तेल दिसलं की माझा हात मिसळणाच्या डब्याकडे जातो, मेंदूला विचारत नाही. जिरं पडलं. जिरं पडल्यावर मिरची पडली, हिरवी, रेसिपीतला तो श्रीराचा का काय म्हणतात तो मिरचीचा सॉस नव्हताच. सहा पाकळ्या लसूण, हा मात्र रेसिपीतला. मग सॉस ओतला, चिंचेचा कोळ, मीठ, पाणी, अजून पाणी, घाबरून अजून थोडं पाणी. एक उकळी आली. रंग सुंदर. वास ओळखीचा. फारच ओळखीचा.

१०:०५ ला ताटं वाढली. सासूबाईंनी काटा बाजूला ठेवला, चमच्याने सॉस घेतला, जिभेवर घोळवला.

"दाण्याची आमटी चांगली झालीय गं. पण लसूण कशाला घातलास? आणि या शेवया?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. कूट, चिंच, गूळ, जिरं, हिरवी मिरची. सव्वा तास, एक कुर्ता आणि मिक्सरची अर्धी मोटर खर्च करून मी आमच्याकडे दर चतुर्थीला होते ती आमटी केली होती. सोया सॉसची दोन पाकिटं तिच्यात कुठे गेली ते त्यांना कळलंही नाही.

लेकीने माझी बाजू घ्यायचा प्रयत्न केला. म्हणाली, आजी, शेंगदाणा मुळात आपला नाहीच, दक्षिण अमेरिकेतला आहे. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तोही तिकडचा, बटाटाही तिकडचा, मिरचीसुद्धा अमेरिकेतलीच, म्हणजे तुझा अख्खा उपास फॉरेनचा आहे.

"असेल की," सासूबाई म्हणाल्या, "त्यांनाही चतुर्थी असेल." आणि मग, "भात आहे का थोडा? एवढी आमटी उरलीय, शेवयांबरोबर वाया जाईल."

भात नव्हता. कपाटातून कुकर काढला.

भात लावला, तोवर त्या उद्याचा साबुदाणा भिजवायला आत आल्या, आणि साबुदाणा भिजवणारी बाई कुटाचा डबा उघडून बघतेच, पुरेल ना म्हणून. उघडला. पांढऱ्या कुटावर मधोमध एक तपकिरी ठिपका, आणि तो ज्या चमच्याने मी सोया सॉस मोजला होता त्याच चमच्याच्या आकाराचा. त्यांनी डबा नाकाशी नेला. मग माझ्या कुर्त्याकडे बघितलं. काही बोलल्या नाहीत, फक्त डब्यावरचा "उपास"वाला कागद अलगद सोडवून ओट्यावर ठेवला, रिकाम्या जागी, म्हणजे नवीन डबा तिथे यायचा आहे हे मला समजावं म्हणून.

१०:४० ला मी कढईत अर्धा किलो दाणे ओतले. मंद आच, सारखं हलवायचं, टरफलं सुटायला लागेपर्यंत. त्याला नीट १५ मिनिटं लागतात.

तेवढ्यात नवरा कॉल संपवून आला. त्याच्या वाटच्या नूडल्स पातेल्यात गार होऊन बसल्या होत्या, त्याने पातेलं उलटं केलं तर अख्खा केक निघाला, गोल, तळाच्या छापासकट. त्याने तो सुरीने चार भागांत कापला, एक तुकडा खाल्ला, बाकीच्या तीन तुकड्यांकडे जरा वेळ बघितलं आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "एवढं दमून आल्यावर कशाला गं हे सगळं? साधी खिचडी टाकायची. घरात असतंच की."

दाणे करपले असते म्हणून मी मान वर केली नाही.