प्रिंटर सगळ्यांचा, वायर मामांची

तुमच्या दुकानात कंप्युटर तीन आणि प्रिंटर एकच असेल, तर तो अशा कंप्युटरला जोडा ज्याचा धनी दुपारी एकला जेवायला घरी जातो आणि चारला डोळे चोळत परत येतो. यूएसबीच्या वायरीनं जोडलेला प्रिंटर बाकीच्यांना वापरायचा, तर तो कंप्युटर नुसता चालू असून भागत नाही, जागा असावा लागतो. धनी आडवा झाला की पंधरा मिनिटांत कंप्युटर झोपतो. कंप्युटर झोपला की प्रिंटर कुणाचा कुणी नसतो. खानापूरच्या बसनं आलेलं गिऱ्हाईक तेवढं काउंटरला टेकून जागं राहतं.

आमच्याकडे हा योग पत्रिका न बघताच जुळला. बेळगावच्या शहापुरात आमचं डीटीपीचं दुकान आहे. पुढं काउंटरवर मामांचा विंडोजवाला कंप्युटर, त्यात कन्नड अर्जांसाठी नुडी आणि मराठी कामासाठी श्री-लिपी, ही टायपिंगची सॉफ्टवेअरं. त्यांच्या पाठीमागं माझा जुना डबा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपला, डबा विंडोज ११ च्या अटींत बसेना, म्हणून त्यात उबुंटू घातलं, म्हणजे विंडोजऐवजी चालणारं लिनक्स. तिसरं मॅकबुक मामेबहिणीचं. लग्नसराईत ती पुण्याहून येते आणि कोपऱ्यात बसून पत्रिका करते. प्रिंटर एक, काळा-पांढरा लेझर. थोडे पैसे जास्त टाकले असते तर वायफायवाला आला असता, पण मामांनी घासाघीस करून ते वाचवले. वायर मामांच्या कंप्युटरला. "वायर माझ्याकडं हाय न्हवं? मग प्रिंटर माझा." हा मामांचा कायदा, आणि त्यावर अपील नाही.

आता शेअर करा. आधी नाव ठेवा, आणि नावात शब्दांच्या मध्ये ऐसपैस जागा सोडा. मामांनी 'मामा ऑफिस प्रिंटर न्यू' असं चार शब्दांचं ठेवलं. विंडोज काही बोलत नाही. लिनक्समधून प्रिंटरचा पत्ता लिहिताना त्या नावातल्या प्रत्येक मोकळ्या जागेऐवजी टक्क्याचं चिन्ह आणि वीस लिहावे लागतात, आणि लिनक्सच्या स्वतःच्या यादीत प्रिंटरच्या नावात मोकळी जागा चालतच नाही. म्हणजे एकाच प्रिंटरची दोन नावं तयार होतात आणि फोनवर बोलताना कुणालाच कळत नाही की कुठला बंद आहे. हा फायदा फुकट मिळतो, सोडू नका.

नवा राउटर बसला की विंडोज विचारतं, हे नेटवर्क खाजगी की सार्वजनिक? नीट विचार करून उत्तर द्या. मामांनी केला. दुकान सगळ्यांसाठी उघडं असतं, म्हणून 'सार्वजनिक' निवडलं. सार्वजनिक म्हटलं की विंडोजला वाटतं आपण बसस्टँडवर बसलोय, आणि ते तोंड फिरवून घेतं. नेटवर्कवर बाकीच्यांना दिसतच नाही. तीन फुटांवरून मी 'शोधा' दाबत होतो आणि यादीत काही येत नव्हतं. मामा तिथंच बसून चहा पीत होते.

पासवर्डचं मात्र शांतपणे घ्यावं लागतं. त्यासाठी विंडोज रोज सकाळी चार आकडी पिननं उघडायची सवय लावून घ्या. पिन हा त्या एका मशीनच्या उंबऱ्यापुरता असतो. नेटवर्कवरून दार ठोठावणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्ड लागतो.

"मामा, पासवर्ड काय?"

"एक दोन तीन चार."

"तो पिन झाला. पासवर्ड?"

"रोज ह्यानंच उघडतंय की गा! आज तुलाच कसं चालंना झालंय?"

खरा पासवर्ड मशीन बसवून द्यायला आलेल्या पोरानं घातला होता. तो पोरगा आता दुबईत आहे. पाहुणा म्हणून विनापासवर्ड आत जावं म्हटलं, तर नवं विंडोज पाहुण्यांना ओट्यावरही बसू देत नाही.

एवढ्या अडथळ्यांतूनही जोडणी झालीच, तर घाबरू नका, पत्ता बदलतो. राउटर घरातल्या प्रत्येक मशीनला एक आकडी पत्ता देतो आणि मनात आलं की दुसरा देतो. मी प्रिंटरवर चिकटपट्टीनं चिठ्ठी लावली होती, १९२.१६८.१.५. आठवड्यात शेवटचा पाच जाऊन सात झाला. बेळगावचं १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदावर बेळगावी झालं, तरी पोस्टमन दोन्ही नावांची पत्रं बिनबोभाट आणून देतो. कंप्युटरला एवढी माणुसकी नाही. पाचवर पाठवलेला कागद शेजारच्या सातवर द्यावा, हे त्याला सुचत नाही. राउटरमध्ये शिरून तो पत्ता मामांच्या मशीनसाठी कायमचा राखून ठेवता येतो, काम दोन मिनिटांचं. पण राउटरचा पासवर्ड तो लावून गेलेल्या पोराकडे, आणि पोरं कुठं जातात ते वर आलंच आहे.

इथं एखादा शहाणा सांगेल की सांबा घाला. ऐका त्याचं. विंडोजची जी शेअरिंगची बोली आहे, एसएमबी, ती लिनक्सच्या थोरल्या भावकीला, युनिक्सला, बोलता यावी म्हणून ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी नव्वदीच्या सुरुवातीला हे सॉफ्टवेअर लिहिलं. आधी ठेवलेलं नाव दुसऱ्या कंपनीचं निघालं, म्हणून शब्दकोशात एस, एम, बी ही तीन अक्षरं याच क्रमानं असलेले शब्द शोधले. त्यातून सांबा निघालं. ही गोष्ट मी मोठ्या कौतुकानं दुकानात सांगत होतो. मामांनी मधलं काहीच ऐकलं नाही; त्यांच्या कानावर आमच्या विमानतळाचं गाव, सांबरा, तेवढं आलं.

"प्रिंटरसाठी सांबऱ्याला कशाला जाऊलालास गा? तिथं इमानं असतेत."

सांबा घातलं. प्रिंटर दिसला. प्रिंट सोडली. प्रिंटरनं हिरवा दिवा तीनदा मिचकावला आणि गप्प झाला. गिऱ्हाईक कन्नडमधून म्हणालं, "प्रिंट बराकत्तिल्ल री," म्हणजे प्रिंट येत नाही हो. त्याला आम्हीही मराठीतून दुजोरा दिला.

कारण नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या खरेदीला हीच चूक पुन्हा करता येईल. महागडे प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल अशा ठरलेल्या भाषा समजतात. कुठलाही कंप्युटर त्या बोलतो. स्वस्तातल्या प्रिंटरला भाषाच येत नाही. पान कसं दिसायचं ते सगळं कंप्युटरातला ड्रायव्हर रंगवतो आणि प्रिंटर नुसता ठिपके मारतो. तो ड्रायव्हर कंपनीनं विंडोजसाठी मन लावून केलेला असतो. लिनक्ससाठी कुणा परोपकारी माणसानं रात्री जागून केलेला असतो; तो हुडकायला मला तीन संध्याकाळी लागल्या. मॅकसाठी आमच्या मॉडेलचा नाहीच. प्रिंटर शेअर झाला म्हणजे ड्रायव्हर शेअर झाला, असा तुमचा समज असेल तर तो जपा. अशा समजुतींवरच आमच्या धंद्यातली निम्मी माणसं जगतात.

मामेबहिणीनं नाद सोडला आणि पेनड्राइव्ह काढला. पत्रिका मॅकवर ज्या फॉन्टमध्ये होती तो मामांकडे नव्हता. विंडोजनं त्याला आवडेल तो घातला. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' दोन ओळींत तुटलं, सगळा मजकूर खाली सरकला आणि नवऱ्या मुलाचं नाव एकटंच पुढच्या पानावर जाऊन बसलं. मुलाचे वडील समोरच उभे होते. शिवाय सात दुकानं फिरलेल्या त्या पेनड्राइव्हवर आता प्रत्येक फोल्डरचा शॉर्टकट झालाय आणि खरा फोल्डर कुठं दडलाय ते त्या व्हायरसलाच ठाऊक. शेवटी पीडीएफ केली, त्यात फॉन्ट पोटातच जातो. हा इलाज चांगला आहे, त्यामुळे फारसा सांगत नाही. ती पीडीएफ मॅकवरून व्हॉट्सअ‍ॅपनं मामांच्या फोनवर, फोनवरून मामांच्या कंप्युटरवर, आणि तिथून प्रिंटरवर. प्रिंटर तिच्यापासून चार हातांवर आहे.

तुमच्याकडे तिन्ही मशीन विंडोजचीच असतील, तर निराश होऊ नका. २०२१ च्या उन्हाळ्यात विंडोजच्या छपाई यंत्रणेत, ज्याला स्पूलर म्हणतात, मोठं भोक सापडलं. त्याला प्रिंटनाइटमेअर असं नाव पडलं. ते बुजवायचे अपडेट आले. त्याच यंत्रणेतलं आणखी एक भोकही बुजवलं गेलं, आणि त्या सप्टेंबरपासून शेअर केलेला प्रिंटर जोडायला गेलं की एरर यायला लागली: शून्य, एक्स, मग पाच शून्यं आणि शेवटी ११बी. त्यावरचा लोकप्रिय उपाय म्हणजे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, एक आकडा शून्य करणं. प्रिंट येते. ते दुसरं भोकही परत उघडतं. दाराला कुलूप लावल्यावर किल्ली सापडेना म्हणून दारच काढून ठेवलं, तर घरात जाणं-येणं सोपं होतं, हे कोण नाकारील?

यानंतर पाठवलेली प्रत्येक प्रिंट रांगेत जाऊन बसेल आणि तिच्यापुढे 'पेंडिंग' लिहून येईल. सीमाभागातल्या माणसाला या शब्दाची दहशत नाही. १९५६ ला राज्यं नवी आखली तेव्हापासून आम्ही रांगेत आहोत, १९६७ ला महाजन आयोगाचा अहवाल येऊन गेला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. चार पानांच्या अर्जासाठी आम्ही काय टाहो फोडणार? बाहेरगावचं गिऱ्हाईक मात्र दहा मिनिटांत चुळबुळ करतं.

तर एक धोका सांगून ठेवतो. या सगळ्यावर पाव तासाचा इलाज आहे. लिनक्समध्ये कप्स नावाची छपाईची व्यवस्था १९९९ पासून आहे. मॅकनं तीच २००२ मध्ये घेतली, म्हणजे ती दोघं छपाईपुरती एकाच घरची. कप्स ज्या बोलीत बोलतं ती आयपीपी, तिचं दार ६३१ क्रमांकाचं, आणि विंडोजलाही ती येते. प्रिंटर जोडताना पत्ता टाकला की झालं. प्रिंटरची वायर माझ्या डब्याला लावायची, कप्समध्ये शेअरच्या चौकटीत खूण करायची. ड्रायव्हर माझ्याकडे आहेच. आलेलं पान माझा डबा रंगवून प्रिंटरला देणार, मॅकला त्या मॉडेलची ओळखही लागत नाही. पासवर्ड नाही, पिन नाही, दुबई नाही.

मी हे मामांना सांगितलं. मामेबहीण म्हणाली, "बाबा, दादा बरोबर सांगूलालाय." मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"वायर हितनं हलणार न्हाई. पाहिजे तर तुम्ही हिकडं या."

मग आणखी काय बोलणार? माझा डबा उबुंटूसकट तिथंच राहिला, मी दिवसभर प्रिंटा पाचवर पाठवत राहिलो आणि मामांचं मशीन सातवर बसून राहिलं. शनिवारी रात्री गल्लीतली लाइट गेली. रविवारी दुकान बंद. सोमवारी मामांनी सगळ्यांच्या आधी येऊन स्वतःचा कंप्युटर चालू केला. राउटरही नुकताच उठला होता, त्यानं मामांना परत पाच दिला. मी येऊन डबा चालू केला, खुर्ची ओढून बसतोय तोवर प्रिंटर घरघरला.

एकाच बाँडच्या मसुद्याच्या नऊ प्रती निघाल्या. खानापूरच्या अर्जाच्या चार, ते गिऱ्हाईक एव्हाना दुसरीकडून प्रिंट घेऊन गेलेलं. त्यानंतर टेस्ट पेज, टेस्ट पेज, टेस्ट पेज. रंगांचे नमुने होते, आमच्याकडे सगळेच राखाडी. टोनर संपत आला आणि शेवटची पानं उजवीकडून फिकट होत गेली. मामा दोन्ही हात कमरेवर ठेवून बघत होते.

"बघ. बंद करून चालू केलं, आली का न्हाई?"

कोऱ्या पाठीचे ते कागद मामांनी जपून ठेवले. संध्याकाळी चिरमुरे आणले, प्रत्येकाला टेस्ट पेजच्या पुडीत घालून दिले, वरनं शेव आणि कांदा. माझ्या पुडीवर पानाचा मधला भाग आला होता, सगळा मजकूर शाबूत, एकही ओळ न तुटलेली. तेल लागल्यावर तोही पुसट झाला.