फॉल्स सीलिंगच्या वर

मन्याला तो फ्लॅट आवडलाय हे त्यानं तोंडानं सांगायची गरज नव्हती. गेले तीन रविवार तो कल्याणहून येतोय आणि कट्ट्यावर टेकायच्या आधी हनुमान रोडमागच्या त्या गल्लीतून एक चक्कर मारून येतोय. 1968 ची बिल्डिंग, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके. मागच्या वर्षी कुणीतरी घेतला, आतून चकाचक केला आणि आता विकायला काढलाय. फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिलेत. मोठ्या मोठ्या टाइल्स, आयलंडवालं किचन, छतात लपवलेले दिवे.

"डोळे मिटून घे," गिऱ्या म्हणाला.

"डोळे मिटून घ्यायला ते काय एरंडेल आहे?" शुभा म्हणाली.

शुभा आमच्याच वर्गातली. गेली नऊ वर्षं तिच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे, आणि गिऱ्या तिच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहतो. या दोघांचं कशावरही पटत नाही. मी बाजू शुभाची घेतो आणि ते लपवतही नाही.

गिऱ्याचं चालूच. "अरे, पार्ला ईस्ट! आज ना उद्या रिडेव्हलपमेंट होणारच. पूर्वी 75 टक्के लोकांच्या सह्या लागायच्या, 2019 पासून 51 पुरतात. बिल्डर येईल, जास्तीचा एरिया देईल, कॉर्पस म्हणून एकरकमी पैसे देईल, बांधून होईपर्यंत भाडं देईल. पंधरा मजली टॉवर! मन्या, बाराव्या मजल्यावरून सूर्यास्त बघशील."

नेमकं तेव्हाच डोक्यावरून विमान गेलं. ते जाईपर्यंत सगळे गप्प. पार्ल्यात ही सवय जन्मापासूनची.

"हे बाराव्या मजल्याच्या वरून गेलं की खालून?" बंड्यानं विचारलं.

फनेल झोनमधल्या, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या वाटेखालच्या, बिल्डिंगींचं दुखणं पार्ल्यात सगळ्यांना माहीत आहे. विमानतळामुळे उंचीला मर्यादा, त्यामुळे बिल्डरला विकायला मजले उरत नाहीत आणि तो येतो तसाच परत जातो. 51 टक्के काय, शंभर टक्के सह्या असल्या तरी त्याचं गणित बसायला हवं ना! पण गिऱ्या हटायला तयार नाही. कर्जतच्या प्लॉटच्या वेळीही तो असाच बोलत होता. आम्ही तिघांनी तेव्हा टोकन दिलं होतं. ते पैसे अजून आलेले नाहीत, आणि त्याची आठवण मी इथेच करून दिली.

"तो विषय वेगळा," गिऱ्या म्हणाला.

"जमीन कुणाच्या नावावर आहे?" शुभानं मन्याला विचारलं.

"सोसायटीच्या असणार ना. शेअर सर्टिफिकेट आहे त्याच्याकडे."

"शेअर सर्टिफिकेटवर तू सभासद होशील. जमिनीचं प्रॉपर्टी कार्ड बघितलंस?"

नव्हतं बघितलं. इथे मला बोलावंच लागलं. आमच्या बिल्डिंगचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं, झालेलंच नव्हतं, पन्नास वर्षं कुणाच्या लक्षातही आलं नाही. कार्डावर मूळ जमीनमालक, तो कधीच वारलेला. फ्लॅटमालकीचा मोफा कायदा 1963 चा. मालकानं करून दिलं नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची, सोय त्यात आली 2008 च्या दुरुस्तीनं. त्या आधारे आम्ही अर्ज केला. नुसता जुना मंजूर नकाशा शोधण्यात दीड वर्ष गेलं. वडील त्या फायली उशाशी घेऊन झोपायचे. त्यांच्या हयातीत ते काम झालं नाही. म्हणून सांगतो, हा कागद आधी बघावा, टाइल्स मागाहून.

"मेन्टेनन्स पण किती कमी आहे बघा," मन्या म्हणाला. त्याला काहीतरी चांगलं सांगायचं होतं बिचाऱ्याला.

"कमी आहे तेच वाईट," शुभा म्हणाली. "सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची साठवण, वर्षाला बांधकाम खर्चाच्या पाव टक्का, दुरुस्ती निधी पाऊण टक्का. 1968 साली तुझ्या फ्लॅटच्या बांधणीला धर चाळीस हजार लागले. म्हणजे वर्षाला शंभर रुपये आणि तीनशे रुपये. त्याच आकड्यावर बसले असतील, तर आज सगळ्या फ्लॅटचे मिळून त्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंगही होणार नाही. मग मोठी दुरुस्ती निघाली की वर्गणी लाखांत. विकणारा तोवर गेलेला असतो, भरणार तू."

"स्ट्रक्चरल ऑडिट झालंय म्हणाला एजंट."

"कधी? तीस वर्षांवरच्या बिल्डिंगचं दर तीन वर्षांनी करायचं असतं. रिपोर्ट हातात घे, शेवटचं पान वाच."

बंड्या इतका वेळ चहा ढवळत बसला होता. तो वॉटरप्रूफिंगची कामं घेतो, बोलतो कमी. त्यानं खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. गेल्या रविवारी मन्या त्याला फ्लॅट दाखवायला घेऊन गेला होता. एजंट गॅलरीत फोनवर बोलत असताना बंड्यानं स्टुलावर चढून हॉलच्या फॉल्स सीलिंगमधला एक दिवा खाली ओढला. स्प्रिंगवर असतो तो, सहज निघतो. भोकातून मोबाइलचा टॉर्च मारला आणि फोटो काढला.

फोटोत जुना स्लॅब होता. सिमेंटचे पोपडे सुटलेले, ते जिप्समवर तसेच पडलेले. दोन सळ्या उघड्या, गंजून फुगलेल्या. एका सळीवरून गंजाचा पदर अनंताच्या वाळक्या पाकळीसारखा लोंबत होता. आणि त्याच्याच शेजारून दिव्यांची कोरी पांढरी वायर गेली होती.

"वर बाथरूम आहे," बंड्या म्हणाला. "न्हाणी ट्रॅप, पाणी जायची जाळी असते ना, तिथून गळतंय. हे आजचं नाही, दहा वर्षांचं असेल. आणि ह्यानं खाली जुनी लादी न काढता वर टाइल बसवलीय. वजन वाढलं ते वेगळंच."

"त्यात काय, मायक्रो काँक्रीट मारायचं," गिऱ्या म्हणाला.

"तू बोलू नकोस गळतीवर!" शुभा ताडकन म्हणाली. "माझ्या स्वयंपाकघरात तीन गणपती पातेलं ठेवून काढलेत मी. मोदक वाफवायला पातेलं उरायचं नाही."

सगळे हसले. मन्या हसला नाही.

"काकू कशा चढणार रे दोन जिने?" शुभानं एकदम आवाज खाली आणून विचारलं.

याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता, याची मला फार लाज वाटली. काकू 79 च्या आहेत. मन्या बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आईलाच यायचंय. कल्याणला तिला बोलायला कुणी नाही. टिळक मंदिरात जाऊन बसेन म्हणते, पार्लेश्वरला जाईन म्हणते. परवा विचारत होती, अजून बिस्किटांचा वास येतो का रे संध्याकाळी. फॅक्टरी 2016 ला बंद झाली हे मी तिला सांगितलंच नाही."

"मग तळमजला बघू," शुभा म्हणाली. "जुना, न सजवलेला. स्लॅब दिसतोय असा. मी विचारून ठेवते चार सोसायट्यांत."

तरी या फ्लॅटचे कागद एकदा बघूच, असं ठरलं. कन्व्हेयन्स, ऑडिट, थकबाकी. सेक्रेटरीकडे जायचं.

"सेक्रेटरी कोण आहे?" गिऱ्यानं विचारलं.

"गणिताचे सर," मन्या म्हणाला. "86 चे आहेत. खणखणीत आहेत अजून."

गिऱ्याचा चेहरा उतरला. दहावीत सरांच्या स्कूटरची हवा कुणीतरी सोडली होती आणि त्याच्या छड्या बंड्यानं खाल्ल्या होत्या. कुणी सोडली ते आजवर बाहेर आलेलं नव्हतं.

बंड्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला आणि गिऱ्याकडे बघत राहिला.

"गिऱ्या?"

"तो विषय वेगळा," गिऱ्या म्हणाला, आणि शुभाला इतकं हसू आलं की तिच्या हातातली दुधाची पिशवी कट्ट्यावर फुटली.