ट्रिगर बंद करण्याच्या सल्ल्यावरून

तुमची प्रतिक्रिया झोंबली, पण निम्मी बरोबर आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. रेकॉर्ड पब्लिश होत नसेल तर आधी ट्रिगर (टेबलात काही बदललं की डेटाबेस आपोआप चालवतो तो कोड) बंद करून बघा, हा माझ्या लेखातला सल्ला तुम्हाला बेजबाबदार वाटला. शिवाय ऑडिटचा, म्हणजे बदलांचा हिशोब ठेवणारा, ट्रिगर नुसती दुसऱ्या टेबलात नोंद करतो, त्याने मूळ रेकॉर्ड अडेलच कसा, असं तुम्ही विचारलंत.

पहिलं मान्य. चालू डेटाबेसवर ट्रिगर बंद केला तर तेवढ्या वेळातल्या सगळ्यांच्याच नोंदी बुडतात. 'टेस्ट कॉपीवर' हे दोन शब्द मी गाळले होते, आता लेखात घातलेत.

दुसरं मात्र पटत नाही. ट्रिगर मूळ इन्सर्टच्याच (रेकॉर्ड टाकण्याच्या कमांडच्या) ट्रान्झॅक्शनमध्ये चालतो, म्हणजे दोन्ही कामं एकतर पूर्ण होतात नाहीतर दोन्ही रद्द. ऑडिट टेबलातला एखादा कॉलम तोकडा पडला आणि एरर आली, की मूळ रेकॉर्डही रोलबॅक होतो, म्हणजे मागे घेतला जातो. स्क्रीनवर दिसतं फक्त 'पब्लिश अयशस्वी'.

माझ्याकडे एसक्यूएल सर्व्हरवर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) एकेक रेकॉर्ड सुरळीत जायचा आणि बल्क पब्लिश केलं की सगळे परत. दोन दिवस नेटवर्कला शिव्या घातल्या. शेवटी ट्रिगर उघडला तर आत ही ओळ:

सेट @आयडी = (सिलेक्ट आयडी फ्रॉम इन्सर्टेड)

तिथे ट्रिगर दर रो-मागे (टेबलातल्या एकेका ओळीमागे) नाही, दर स्टेटमेंटमागे (एका कमांडमागे) एकदा चालतो. चाळीस रेकॉर्ड एकदम टाकले की 'इन्सर्टेड'मध्ये (नवे रो ट्रिगरला ज्यात मिळतात ते तात्पुरतं टेबल) चाळीस रो, आणि एका व्हेरिएबलमध्ये ते मावणार कसे? एरर ५१२. कंस काढून 'सिलेक्ट @आयडी = आयडी फ्रॉम इन्सर्टेड' लिहिलं असतं तर एररही आली नसती, चाळीसपैकी एकाचीच नोंद गुपचूप झाली असती. ते जास्त वाईट.

दोष ॲपचाही असतो, हे तुमचं खरं. नवा आयडी '@@आयडेंटिटी'ने (कुठल्याही टेबलात शेवटी तयार झालेला आयडी) मागितला तर ऑडिट टेबलाचा आयडी हातात येऊ शकतो, आणि ॲप भलताच रेकॉर्ड पब्लिश करायला धावतं. तिथे 'स्कोप_आयडेंटिटी()' हवं, ते ट्रिगरमधला आयडी धरत नाही. पण ट्रिगर येईपर्यंत ही चूक वर्षानुवर्षं खपून जाते.

राहता राहिलं तुमचं 'पोस्टग्रेसवर (हा दुसरा डेटाबेस) मला कधीच एरर आली नाही.' तिथे रो-लेव्हल बिफोर ट्रिगरने (दर रो साठवण्याआधी चालणारा) नल, म्हणजे रिकामं मूल्य, परत केला की तो रो निमूट वगळला जातो. रेकॉर्ड गायब झाला असेल तर पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसला हाताने कमांड द्यायचा प्रोग्राम) तो इन्सर्ट हाताने चालवून बघा. 'इन्सर्ट ० १'च्या जागी 'इन्सर्ट ० ०' आलं (शेवटचा आकडा किती रो पडले तो), तर तुमचा ट्रिगर इथे चिकटवा, बघूया.