ग्रिलचा जुना रंग जाळू नका, आणि तो मेसेज पुढे पाठवू नका

परळच्या चाळीत राहणाऱ्या माझ्या आत्याने परवा एक मेसेज मला पुढे पाठवला आणि खाली विचारलं, "दिवाळीच्या आत करून घेऊ का रे हे? पेंटर फार मागतोय." हा मेसेज पावसाळा संपला की दरवर्षी डोकं वर काढतो. 'पेंटर तुम्हाला हे कधीच सांगणार नाही' असं त्याचं नाव. लोखंडी ग्रिल, गॅलरीचा कठडा, जुनं कपाट यांच्यावरचा रंग कोणत्याही मशीनशिवाय घरच्या घरी काढायचे सहा उपाय त्यात आहेत. ब्लो लॅम्प किंवा गॅस टॉर्च फिरवा, रंग फुगून आपोआप पडेल. टॉयलेट क्लीनर आणि ब्लीचिंग पावडरची पेस्ट लावा. पेंट रिमूव्हर वापरायचा तर बाथरूममध्ये दार लावून वापरा, शेजाऱ्यांना वास जाणार नाही. कॉस्टिक सोड्याचं उकळतं पाणी ओता. उरलेला रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासा, तोंडाला रुमाल पुरे. आणि शेवटी, रंगाचा कण न् कण काढून लोखंड दोन दिवस उन्हात ठेवा, मगच नवा रंग द्या.

माझा धंदा ग्रिल, जिने आणि गेट बनवून देण्याचा आहे. जुना रंग खरवडणं हे त्यातलं रोजचं काम. म्हणून हे वाचून मला राग आला. सहापैकी तीन उपायांनी माणूस मरू शकतो किंवा मूल आयुष्यभराचं अधू होऊ शकतं, आणि हा मेसेज अशा घरांत फिरतोय जिथे एका खोलीत पाच माणसं झोपतात.

आधी जाळण्याबद्दल. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण आत्याला हाच उपाय सगळ्यात सोपा वाटला होता आणि तिच्या घरात दोन वर्षांचा नातू आहे.

जुन्या रंगात शिसं असतं. असण्याची शक्यता आहे एवढंच म्हणून मी ते सोडून देणार नाही, कारण लोखंडाच्या बाबतीत ती शक्यता फार मोठी आहे. लोखंडाला गंज लागू नये म्हणून खाली शेंदरी रंगाचा रेड लेड प्रायमर मारायची पद्धत अनेक वर्षं होती, आणि तो प्रायमर म्हणजे थेट शिशाचं ऑक्साइड. वरच्या पिवळ्या, नारिंगी, हिरव्या ऑइल पेंटमध्ये लेड क्रोमेट वापरलं जायचं. पेट्रोलमधलं शिसं आपल्याकडे 2000 साली गेलं, त्याची चर्चा झाली. घरगुती रंगातल्या शिशावर मात्र सक्तीची मर्यादा आली ती 2016 च्या नियमांनी. दहा लाख भागांत 90 भाग, त्याहून जास्त नाही, आणि अंमल 1 नोव्हेंबर 2017 पासून. तुमच्या खिडकीचं ग्रिल त्याआधी रंगवलेलं असेल तर आत काय आहे हे नुसतं बघून कळणार नाही. चाळींच्या कठड्यांवर तर पिढ्यांचे थर आहेत. खरवडलं की खाली निळा, त्याखाली हिरवा, त्याखाली करडा आणि तळाशी शेंदरी असं दिसतं. त्या तळातल्या थरालाच हा मेसेज आग लावायला सांगतो.

शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं. टॉर्चची ज्योत हजार अंशांच्या वर असते. त्या ज्योतीखाली रंगातल्या शिशाचा धूर होतो. त्याचे कण इतके बारीक असतात की ते फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात आणि तिथून रक्तात जातात. उरलेला धूर हवेत नाहीसा होत नाही. तो गादीवर, भांड्यांवर, फरशीवर बसतो. फरशीवर रांगणारं, खेळणारं मूल हात तोंडात घालतं. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे : शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी माहीत नाही, आणि पोटात गेलेलं शिसं लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषलं जातं. ते मेंदूच्या वाढीवर घाव घालतं. मूल आजारी दिसत नाही, ताप येत नाही, उलटी होत नाही. पुढे शाळेत लक्ष लागत नाही, वाचलेलं राहत नाही, आणि तेव्हा कुणाला ग्रिल आठवत नाही.

ज्याला हे माझं मत वाटतं त्याने अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा 2008 चा घरदुरुस्तीचा नियम वाचावा. 1978 पूर्वीच्या घरांत, म्हणजे तिथे शिशाच्या रंगावर बंदी येण्याआधीच्या घरांत, शिशाचा रंग उघड्या ज्योतीने जाळायला त्यात मनाई आहे. ज्याच्यातून फक्त गरम हवा येते ती हीट गनसुद्धा 1100 अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण 593 अंश सेल्सिअसच्या वर वापरता येत नाही. हेपा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या फिल्टरचा व्हॅक्यूम जोडल्याशिवाय मशीनने घासायलाही मनाई आहे. ही बंदी प्रशिक्षण घेतलेल्या, परवाना असलेल्या कंत्राटदारांना लागू आहे, ज्यांच्याकडे मास्क, प्लॅस्टिकचे पडदे, सगळं असतं. जे त्यांना चालत नाही ते आपल्याकडे सासूबाई आणि सुनेला मेसेजवरून शिकवलं जातंय.

शिवाय आग. चाळीतल्या खिडक्यांच्या चौकटी जुन्या लाकडाच्या, ग्रिलमधून केबलवाल्याच्या वायरी आत आलेल्या, वर कपडे वाळत घातलेले. जुनं लाकूड आत धुमसत राहतं आणि तासाभराने पेटतं. तोवर टॉर्च बंद करून माणूस जेवायला बसलेला असतो.

एवढं मान्य करतो की उष्णतेने रंग सुटतो. मोजून तापमान लावता येणारी हीट गन कमी आचेवर, उघड्या जागेत, शिसं नसलेल्या रंगावर चालते. पण मेसेजमध्ये यातला एकही 'पण' नाही.

दुसरा उपाय, टॉयलेट क्लीनर आणि ब्लीचिंग पावडरची पेस्ट. निळ्या टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं, ब्लीचिंग पावडरमध्ये हायपोक्लोराइट. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला होता तोच क्लोरीन. तो हवेच्या जवळजवळ अडीच पट जड असतो, म्हणून खाली साचतो, मुलाच्या उंचीवर. आणि इतकं करून रंग निघतच नाही. ऑइल पेंटच्या थरावर ब्लीचचा म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. ही पेस्ट कुणी आधीच कालवली असेल तर तिला हात लावू नका, ढवळू नका. खिडक्या-दारं उघडून सगळे बाहेर निघा. छातीत जळजळ किंवा खोकला असेल तर सरळ हॉस्पिटल गाठा.

बंद बाथरूममध्ये पेंट रिमूव्हर. बाजारात मिळणाऱ्या अनेक रिमूव्हरमध्ये मेथिलीन क्लोराइड असतं. त्याची वाफही जड असते, आणि शरीरात गेल्यावर त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. अमेरिकेत 2000 ते 2011 या काळात बाथटबचा रंग काढणारे 13 कामगार असेच बाथरूममध्ये मेले, याची नोंद तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने केली आहे. ते रोज हेच काम करणारे लोक होते. आपलं चार बाय चारचं न्हाणीघर त्यांच्या बाथरूमपेक्षा लहान. शेजाऱ्यांना वास जाऊ नये म्हणून दार लावायचं, हा सल्ला ज्याने लिहिला त्याने रिमूव्हरच्या डब्यावरची सूचना कधी वाचलेली दिसत नाही. रिमूव्हर वापरायचाच तर गच्चीवर, वारं असेल तिथे, केमिकलला टिकणारे हातमोजे आणि चष्मा घालून. आणि लक्षात ठेवा, एन-95 मास्क धुळीसाठी आहे, वाफ अडवत नाही.

कॉस्टिक सोड्यात तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावं लागतं. जुन्या ऑइल पेंटमधल्या तेलाचा त्याने साबण होतो, रंग मऊ पडतो आणि लोखंडाला इजा होत नाही. जुने कारागीर तो वापरायचे. पण मेसेजमध्ये 'खिडकीवर ओता' म्हटलंय, आणि मुंबईतल्या निम्म्या खिडक्यांना ग्रिल लोखंडी असलं तरी स्लायडिंगचं चॅनेल अ‍ॅल्युमिनियमचं असतं. अ‍ॅल्युमिनियमला कॉस्टिक खाऊन टाकतं आणि वर पेट घेणारा हायड्रोजन सोडतं. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याचंही तेच. उकळतं कॉस्टिक डोळ्यात उडालं तर डोळा जाऊ शकतो, आणि तिसऱ्या मजल्यावरून ओतलेलं पाणी खाली कुणाच्या तरी डोक्यावर जातं. शिवाय शिसं यानेही नाहीसं होत नाही, ते त्या चिखलात उतरतं. सुटून येणारी लोखंडी वस्तू असेल, माहीतगार माणूस असेल, आधी पाणी आणि मग त्यात थोडं थोडं कॉस्टिक हा क्रम पाळणार असेल, तर ठीक. घरात नको. बिजागऱ्या, कड्या असल्या बारीक वस्तू सोडवून टाकाऊ भांड्यात साबणाच्या गरम पाण्यात ठेवल्या तरी रंग बऱ्यापैकी सुटतो. ते भांडं पुन्हा स्वयंपाकात घ्यायचं नाही.

कोरडा पॉलिश पेपर आणि रुमाल यावर वेगळं काय सांगू? धुळीतून शिसं, म्हणजे वर जे सांगितलं तेच, फक्त जाळण्याऐवजी घासून. रुमालातून बारीक धूळ आरपार जाते. वॉटर पेपर घ्या, पाणी मारत घासा, धूळ उडूच देऊ नका.

आता मेसेजचा पायाच जो आहे, की कण न् कण काढला पाहिजे. हे चूक आहे, आणि बाकीचे सगळे भयंकर उपाय यातूनच जन्मले आहेत. घट्ट बसलेला जुना रंग काढायची गरज नसते. हाताने पृष्ठभाग साफ करण्याचं एसएसपीसी-एसपी 2 नावाचं एक मानक स्टीलच्या रंगकामात जगभर वापरतात. त्यात कसोटी साधी आहे : बोथट पट्टीने उचकटून जे निघतं ते सैल, ते काढा, आणि जे निघत नाही ते राहू द्या. पोपडे, फुगे, गंजाचे पापुद्रे पट्टीने आणि तारेच्या ब्रशने काढायचे, पाणी मारत. राहिलेल्या रंगाच्या कडा वॉटर पेपरने उतरत्या करायच्या, चकाकी घासून घालवायची, वर प्रायमर. ग्रिलचा मोठा भाग असाच होतो. आत्याच्या ग्रिलवर खालच्या आडव्या पट्ट्या आणि वेल्डिंगचे सांधे सोडले तर रंग शाबूत आहे. तिथे टॉर्च कशाला लागतो?

हे करताना खाली जाड प्लॅस्टिक अंथरा, लहान मुलं आणि गरोदर बाई त्या दिवशी दुसरीकडे असू द्या. निघालेले पोपडे झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने गोळा करून पिशवीत घट्ट बांधा. चौकात किंवा गटारात टाकू नका. कामाचे कपडे वेगळे धुवा. घरात मूल असेल आणि रंग आधीच जाळला किंवा कोरडा घासला गेला असेल तर डॉक्टरांना सांगून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या.

उघडं लोखंड दोन दिवस उन्हात ठेवायचं, हे लिहिणारा मुंबईत राहत नसावा. दादर, गिरगाव, वरळी, कुठेही जा, हवेत मीठ आणि दमटपणा आहे. साफ केलेल्या लोखंडावर काही तासांत तांबूस झाक येते, आणि मीठ अडकलेल्या लोखंडावर मारलेला रंग पुढच्या पावसात फुगतो. घासून झालं की गोड्या पाण्याने पुसा, कोरडं करा, थिनरचा बोळा फिरवा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर (हा लोखंडाच्या ऑक्साइडचा, वर सांगितलेला शिशाचा रेड लेड नव्हे) मारा. हे काम सकाळी सुरू करा. ऑक्टोबरमध्ये दुपारी बारानंतर ग्रिल इतकं तापतं की ब्रश ओढता ओढता प्रायमर वाळतो आणि नीट पसरत नाही. दुकानात मागताना रेड ऑक्साइडच मागा आणि डब्यावर शिसं नसल्याचा उल्लेख बघून घ्या. जुना शेंदरी डबा कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.